महानंदाचा कोपर

भूकंपानंतर आमच्या गावची एकच बाई छापून आली, ती सिंधू. आणि त्याच फोटोत एकच कोपर छापून आला, तो महानंदाचा.

गाव तेव्हा पत्र्याच्या शेडात होतं. अर्धे लोक ढिगाऱ्याखालून निघालेच नाहीत, निघाले ते पत्र्याखाली येऊन बसले. एका संस्थेनं सगळ्यांसाठी सामाईक चूल मांडून दिली होती. पीठ मळायला महानंदा, भाकर थापायला सिंधू. पुण्याकडून आलेला एक फोटोवाला चुलीपुढं उकिडवा बसला आणि त्यानं खटाखट फोटो काढले. पुढच्या साली त्या संस्थेचं कॅलेंडर निघालं. एका पानावर सिंधू. जाळाचा उजेड तोंडावर, हात भाकरीवर, डोळे असे की बघणाऱ्याचा जीव गलबलावा. कडेला पिठानं भरलेला एक कोपर, वर दोन हिरव्या बांगड्या.

ते कॅलेंडर शाळेत लागलं, बँकेत लागलं, तहसिलात लागलं. महानंदा जाईल तिथं बोट लावून दाखवायची, "ह्यो कोपर माझा हाय."

लोक म्हणायचे, "हाव का?" आणि सिंधूकडं बघत राहायचे.

"पीठ मी मळलं," महानंदा नवऱ्याला सांगायची. नवरा मलप्पा, गरीब माणूस, बाजारातून भाजी आणावी आणि गप बसावं असा. "पीठ मी मळलं, अन् तिचा नवरा गेला म्हनून फोटोवाला तिच्याकडं वळला. माझं सगळं घर पडलं. पर तुमी जिते निघालाव, मग मला कोन इचारतंय?"

मलप्पा भाजी निवडता निवडता म्हणाला, "मग मी मरायला पायजे होतो का?"

"तसं न्हाई म्हनत मी," महानंदा म्हणाली. मग निवडलेली भाजी पुढं ओढून घेत म्हणाली, "पर फोटो आला असता."

सरकारनं नवं गाव बांधून दिलं. वहीवर आखल्यासारख्या ओळी, सगळी घरं सारखी. त्या ओळींत सिंधूचं मन लागेना, ती लातूरला गेली. लातुरात तेव्हा क्लासचा हंगाम धरला होता. देवणीपासून भोकरपर्यंतचे बाप जून लागला की पोरगं आणि ट्रंक घेऊन एसटीतून उतरायचे. पेरणीला बी टाकावं तसं पोराला क्लासात टाकायचे आणि आपण परत. टाकलेल्या पोराला दोन टायमाला खायला कोण घालणार? सिंधूनं मेस काढली. सहा महिनेही गेले नाहीत तोवर महानंदानं त्याच गल्लीत, बरोबर समोर, मेस काढली. लातूर एवढं मोठं, पण तिला दुसरी गल्ली सापडली नाही.

हाताला चव महानंदाच्याच होती, हे तिचा दुष्मनही सांगेल. येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची, आमटी करावी तर तिनंच. वाटी संपली तरी पोरं बोटं चाटत बसायची. सकाळी चुरमुऱ्याचा सुशीला, वर शेंगदाणे आणि लिंबू. पण तोंडाची फटकळ. पोरानं ताटात काही टाकलं की, "तुझ्या बापानं पिकवलंय का रे?" असं सगळ्यांसमोर विचारायची. सिंधू बोलायला गोड. आमटी पातळ, पण वाढताना "बाळा" म्हणायची. पोरं तिच्याकडं जास्त.

अशी आठ-नऊ वर्षं जळत-धुमसत गेली, आणि एका मे महिन्यात सिंधूनं पत्रक काढलं.

तोपर्यंत मेसची पत्रकं म्हणजे पिवळ्या कागदावर काळी अक्षरं, हातात घेतली की बोटाला शाई. सिंधूचं पत्रक गुलाबी, गुळगुळीत, उन्हात धरलं तर चमकायचं. वर कमळ. मधे ताटाचा फोटो, त्यात पनीर, पुऱ्या, गुलाबजाम. आणि कोपऱ्यात, गोल चौकटीत, कॅलेंडरातला तो फोटो. सिंधू भाकर थापतेय. खाली लिहिलेलं, 'आईच्या हातची चव.' चौकटीच्या अगदी कडेला पिठाचा कोपर.

महानंदानं ते पत्रक उंबऱ्यावर बसून किती वेळ बघितलं.

"पनीर तिच्या बापानं तरी खाल्लंय का?" ती म्हणाली. "अन् माझा कोपर घेऊन धंदा करून राहिली."

"कोपर दिसतच न्हाई नीट," मलप्पा म्हणाला.

"तेच म्हनते मी!"

एवढ्यावर भागलं असतं, पण दुसऱ्याच दिवशी जागेचे मालक अनंतराव आले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, पांढरा सदरा, तुटक बोलणं. त्यांच्या घराखालचा हॉल महानंदाकडं होता. तिथंच चूल, तिथंच पंगत, मागच्या खोलीत संसार.

"महानंदाबाई, स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "समोरच्या सिंधूबाईंना जागा पुरत नाही. त्या हा हॉल मागत आहेत. तुमचा हॉल निम्मा रिकामा असतो. जूनअखेर पंगत भरली तर तुम्ही राहा. नाही भरली तर मी त्यांना शब्द देऊन टाकणार."

महानंदाच्या हातातली पळी तशीच राहिली. हॉल गेला तर परत त्या आखलेल्या ओळीतल्या घरात जाऊन बसायचं, हे एक. पण ते तिला पचलं असतं. तिच्या चुलीवर सिंधू बसणार, हे काही पचणारं नव्हतं.

"मला तसलंच पत्रक पायजे," तिनं मलप्पाला सांगितलं. "तसलंच, अन् स्वस्तात."

लातुरात पत्रक काढणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. पण मे-जूनात सगळे कॉम्प्युटरवाले क्लासवाल्यांच्या ताब्यात. महानंदा एका दुकानात गेली. तिथल्या पोरसवदा डिझायनरनं मान वर न करता सांगितलं, "मावशी, टॉपरचे फोटो लावून राहिलोय. मेसचं काम आता दिवाळीला." दुसऱ्यानं मान वर केली, पण भाव असा सांगितला की महानंदा म्हणाली, "पत्रक काढायलोय बाबा, पोरगी उजवायलो न्हाई."

तिसरा स्वस्तात मिळाला. त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना. त्याच्याकडं होते तेच ठसे, तेच गणपती, तीच तोरणं. त्यानं मेसच्या पत्रकाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावून दिली, सवयीनं. महानंदानं चौकात पत्रकं वाटली. लोक घ्यायचे, दोन्ही हातांनी कपाळाला लावायचे आणि विचारायचे, "कोनाचं लगीन हाय?" एकानं न वाचताच सांगितलं, "कामात हाय, जमलं तर अक्षदा टाकून जातो."

गल्लीत सिंधू पदर तोंडाला लावून हसली. महानंदानं ते बघितलं.

सिंधूचं पत्रक केलंय कुणी, तेच कळेना. छापलेल्या कागदाच्या बुडाशी बारीक अक्षरात करणाऱ्याचं नाव असतं. सिंधूच्या पत्रकाला ती कडाच नव्हती. नीट बघितलं तर बूड वाकडंतिकडं, कात्रीनं कापलेलं. बाईनं शेकड्यानं कागद बसून कापले होते, कुणाला पत्ता लागू नये म्हणून.

"बगा," महानंदा म्हणाली. "केवढी जळकी बाई!"

मलप्पानं मान डोलवली. लग्नाला वीस वर्षं झाली होती.

पत्ता लागला तो सिद्धम्माकडून. सिद्धम्मा निलंग्याकडची, कानडी हेल काढून बोलायची आणि दोन्ही मेसची भांडी घासायची. पाणी तापवायच्या चुलीला जाळ लावायला ती समोरून पदरात कागदाचे कपटे घेऊन आली. गुलाबी कपटे. महानंदानं झडप घातली.

"अव्वा, जळन हाय ते!" सिद्धम्मा ओरडली.

"कुठलं जळन हाय ते मला ठावं हाय." महानंदानं एक कपटा उजेडाकडं धरला आणि मलप्पाकडून वाचून घेतला. 'बिलाल आर्ट्स, इतवारा, नांदेड.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. पत्रक घडी करून पोलक्यात. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तिनं खिडकीबाहेर बघितलं नाही.

बिलालचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, एका माणसाला बसायला आणि दुसऱ्याला उभं राहायला जागा. त्याचा बाप लग्नाचे रुक्के, म्हणजे निमंत्रणं, उर्दूत हातानं लिहायचा. पोरानं कॉम्प्युटर घेतला, पण खोड बापाची. आधी कागदावर पेन्सिलीनं आखायचं, मग पडद्यावर. भाव माफक, कारण दुकान आपलं आणि नोकर कोणी नाही.

"बैठा मावशी. च्या मागवू? बोला, तुमच्या मेसमधी खास काय हाय?"

महानंदानं पोलक्यातून पत्रक काढून टेबलावर आपटलं. "हे."

बिलाल हसला. "हे तर सिंधूमावशीचं. तुमचं काय खास हाय ते सांगा."

"येसरची आमटी," तिच्या तोंडून निघून गेलं. "सुशीला. धपाटे."

"वा!" बिलालनं पेन्सिल उचलली. "मावशी, येसर मोठ्या अक्षरात टाकू. लातुरात एका बी पत्रकावर येसर न्हाई. रंग तपकिरी घेऊ, मातीचा. वर वाटीतून वाफ निघायलीय असं..."

महानंदाला लगेच शंका आली. तिला मातीचा रंग आणि सिंधूला गुलाबी? तिला वाफ आणि सिंधूला पनीर?

"मला येडी समजलास का रे?" ती म्हणाली. "चांगलं तिला दिलास अन् राहिलेलं मला चिकटवून राहिलास? मला हेच पायजे. हाच गुलाबी. हेच कमळ. हेच ताट."

"ते ताट सिंधूमावशीचं बी न्हाई, तयार फोटोंच्या सीडीतलं हाय."

"मग तर झालंच की! माझं बी ऱ्हाऊ दे."

बिलालनं पेन्सिल खाली ठेवली. "हाव, तुमची मर्जी. असंच पायजे तर फाईल तयार हाय. नुसतं नाव बदलायचं. मेहनत न्हाई, अर्ध्यात करून देतो."

अर्ध्यात! महानंदाला वाटलं, देव आहे. जे सिंधूनं पुऱ्या पैशात केलं, ते आपल्याला अर्ध्यात. तिथंच तिचं अर्धं पोट थंड झालं.

"पन ह्यो फोटो काढावा लागंल," बिलालनं गोल चौकटीवर बोट ठेवलं. "त्यात तर त्या मावशीच हाईत."

"फोटो कामून काढतोस? त्यात मी बी हाय. ह्यो कोपर कोनाचा हाय मग?" तिनं बाही वर करून कोपर त्याच्या नाकासमोर धरला. "बग. मिळव."

बिलालनं खरंच पडद्याकडं बघितलं, मग कोपराकडं बघितलं. "हाव, तुमचाच दिसतोय."

"मग तिचं तोंड काप अन् कोपर ठेव."

"तोंड कापू?"

"काप म्हनलं ना! कोपर जरा मोठा कर."

बिलालनं तोंड कापलं. चौकटीत राहिली भाकर, सिंधूचे हात, सिंधूचा पदर, आणि मधोमध महानंदाचा कोपर. छापायला सोडण्याआधी त्यानं नमुना काढून दाखवला आणि शेवटचं सांगितलं, "मावशी, खरं बोलू? दोघींचे कागद एका घरचे वाटतील."

"वाटू दे. माझा गुलाबी जरा गडद कर."

जूनमधे महानंदानं स्टँडावर पत्रकं वाटली. हात शिवशिवत होते. पहिल्याच दिवशी देवणीकडचा एक बाप पोरगं आणि ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा, वळू विकून पोराला शिकायला आणलेला गडी. त्याच्या एका हातात सिंधूचं पत्रक, एका हातात महानंदाचं.

"राम राम बाई. तिकडं समोर लई गर्दी हाय. सिंधूबाईची दुसरी शाखा हीच न्हवं?"

महानंदाला ऐकू आलं ते समजायला वेळ लागला.

"काय म्हनलाव?"

"न्हाई, तोच कागद, तीच भाकर, तोच पदर. म्हनलं हिकडं मोकळं आसंल. शाखाच न्हवं?"

महानंदाच्या कपाळाची शीर उठली. तोंड उघडलं तेवढ्यात मागून मलप्पा खालच्या आवाजात म्हणाला, "हॉल."

एकच शब्द. वीस वर्षांत मलप्पा इतक्या वेळेवर कधी बोलला नव्हता.

"हाव," महानंदा दात आवळून म्हणाली. "तसंच समजा. ट्रंक तिकडं ठिवा."

मग रीघ लागली. भोकरचे आले, चाकूरचे आले. समोर दाटी झाली की लोक आपणहून म्हणायचे, चला शाखेत. पोरं येसरची आमटी ओरपायची आणि म्हणायची, "सिंधूमावशीच्या शाखेत भारी असतंय." महानंदा वाढायची. प्रत्येक वाटीबरोबर एक घोट गिळायची. मलप्पा सांगतो, त्या जूनमधे ती झोपेत पण दात खायची.

महिना सरत आला आणि अनंतराव हॉल बघायला आले. पंगत भरलेली. भिंतीला पाठ लावून पोरं, मधे दोन-चार बाप, अजून पैसे न भरलेले, चव बघायला बसलेले. मास्तर दारातच उभे राहून माणसं न्याहाळत होते. आणि नेमकी त्याच वेळी सिंधू आली. हातात महानंदाचं पत्रक, चेहरा त्याच्यापेक्षा गडद.

"अक्का!" ती उंबऱ्यातून ओरडली. "माझं मुंडकं कुठाय?"

पंगतीचे घास थांबले.

"कुठलं मुंडकं?" महानंदा पळी घेऊन उठली.

"हे! हे हात माझे, पदर माझा. वरचं मुंडकं काय झालं?"

"तू बिलालचं नाव कापलीस, मी तुझं मुंडकं कापले. माझा कोपर इतके साल फुकट वापरलीस, तवा मी इचारले का?"

"कोपराचा काय वापर करायचाय बाई? अन् माझ्या नावावर गिऱ्हाइक खातीस! सांगू का सगळ्यांना..."

महानंदाला एकदम दिसलं. सिंधूनं एक वाक्य बोलायचं, 'हिची माझी काही शाखाबिखा नाही', की हे बाप ताट सरकवून उठणार, मास्तर बघणार, आणि हॉल गेला. तिची पळी खाली आली.

पण सिंधूच्या आधी देवणीचा तो मिशीवाला बोलला. पोराची चौकशी करायला तो परत आला होता आणि त्याची तिसरी वाटी चालली होती.

"या मालकीनबाई, या!" तो सिंधूला म्हणाला. "रागवू नका, पर खरं सांगू का? तुमच्या ह्या शाखेतली आमटी तुमच्या तिकडल्यापरीस लई भारी हाय बगा. तिकडली जरा पानचट वाटली."

सगळी पंगत हसली. सिंधूनं आता शाखा नाही म्हणावं, तर महानंदाची आमटी भारी आणि आपली पानचट, हे भरल्या पंगतीत कबूल केल्यासारखं. तिनं एकदा आमटीच्या पातेल्याकडं बघितलं, एकदा महानंदाकडं. मग तिनं पदर सारखा केला, आणि कॅलेंडरात होतं तसं तोंड केलं.

"भारी असनारच की, दादा," ती गोड आवाजात म्हणाली. "मीच शिकवले हिला."

महानंदाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती आमटी तिच्या सासूची. ती सासू भूकंपात गेली, पाट्याखाली सापडली. त्या येसरचं प्रमाण महानंदानं पोटच्या पोरीलाही अजून सांगितलं नव्हतं. पळी इतकी घट्ट धरली की दांडा वाकला. मलप्पा भिंतीला टेकून तिच्याकडं बघत होता.

ती काही बोलली नाही. जन्मात पहिल्यांदा.

अनंतरावांनी घसा खाकरला. "तुम्ही दोघी एकच आहात, हे मला आधी सांगायला हवं होतं. मग जागेचा करार कुणाच्या नावानं करायचा? सिंधूबाई, तुमच्या?"

सिंधूनं तोंड उघडायच्या आत महानंदा गरजली, "माझ्या! करार माझ्या नावानं. पत्रकात मुंडकं न्हाई माझं, पर करारावर अंगठा माझाच पायजे. आमटी कोनाची बी म्हना."

मास्तरांनी मान डोलवली. सिंधू एक वाटी आमटी मागून, उभ्यानंच पिऊन गेली. जाताना म्हणाली, "मीठ जरा बघत जा गं, अक्का." महानंदानं ती वाटी सिद्धम्माला दोनदा घासायला लावली.

त्या दिवसापासून हॉल तिचा आणि शाखा सिंधूची, असं चालू आहे. जळणं कमी झालं असं कुणी समजू नये. वाढलंच, कारण आता सिंधूचं नाव रोज तिच्याच पंगतीत निघतं. आणि समोर सिंधूलाही काही सुख नाही. तिची पोरं तिला विचारतात, "शाखेत येसर असतंय, मग हितं का न्हाई?"

पुढच्या मे महिन्यात महानंदा परत नांदेडला गेली.

"बोला मावशी," बिलाल म्हणाला. "औंदा तपकिरी करू? वाफ काढू?"

"गुलाबीच ऱ्हाऊ दे. भरतंय त्याच्यानं," ती म्हणाली. "फकस्त बुडाला, तुझ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात टाक. 'आमची कुठेही शाखा नाही.'"

"बारीक कशाला? मोठं टाकतो की."

"बारीकच टाक. कात्रीत आलं पायजे."

बिलालला काही उमगलं नाही. मलप्पाला जूनमधे उमगलं. महानंदा हॉलमधे पाय पसरून बसली होती, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा, हातात कात्री. बूड कापत होती, एकेक.

"छापून बी आनतीस अन् कापतीस बी?"

"पंगत भरंस्तवर कापलेली वाटायची," ती मान वर न करता म्हणाली. "भरली की न कापलेली. अन् त्यातली पहिली तिच्या दारात टाकायची."

कापलेले गुलाबी कपटे सिद्धम्मानं पदरात भरले. समोर सिंधूची पाण्याची चूल अजून पेटवायची राहिली होती.